गावातली दुसरी गाडी

गाडी आली त्या दिवशी व्हॅनबाईंनी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एकदाच खाली वाकून बघितलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसल्या. खाली एक लालभडक, चपटी, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी वस्तू उभी होती. तिच्याभोवती यजमान कमरेवर हात ठेवून फेऱ्या मारत होते आणि शेजारी त्यांचे साडू हातवारे करत होते. साडूंनी हातवारे सुरू केले की आपल्या घरातला पैसा बाहेर पडतो, हे बाईंना धाकट्या बहिणीच्या लग्नापासून ठाऊक होतं.

"अहो, काय आणलंत हे?" यजमान चार मजले चढून धापा टाकत आत आले तेव्हा त्यांनी विचारलं.

"तळमजल्याचं घर," यजमान म्हणाले.

बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. तळमजल्याचं घर हा त्या घरातला दुखरा विषय होता. बाईंनी उभी हयात शाळेची व्हॅन चालवली. क्लच दाबून दाबून गुडघे गेले, व्हॅनही गेली, फक्त नाव तेवढं मागे राहिलं. इमारतीला लिफ्ट नाही. भाजी आणायची म्हटलं तरी बाई आधी जिन्याकडे बघून एक सुस्कारा टाकायच्या, मग पिशवी उचलायच्या. पलीकडच्या गल्लीत तळमजल्याचं एक छोटं घर बघून ठेवलं होतं. मालक भला माणूस, वर्षभर थांबायला तयार होता. पैसे थोडे कमी पडत होते, आणि ते थोडे भरून काढायला नेमके साडू धावून आले होते.

"ताई, तुम्ही हिला गाडी म्हणूच नका," मागोमाग चढून आलेले साडू म्हणाले. "ही मुदत ठेव आहे, चाकं असलेली! कंपनीने अशा पाचशेच काढल्या आणि साचा मोडून टाकला. पुन्हा होणे नाही. वर्षभर नुसती उभी ठेवा आणि मग रीसेल बघा!"

"आणि चालवली तर?"

"चालवली की संपलं! किलोमीटरमागे किंमत उतरते. हिचं सगळं मोल न चालण्यात आहे."

न चालण्यातच मोल असेल तर माझे गुडघे सोन्याचे म्हणायचे, असं बाईंच्या मनात आलं. पण त्या बोलल्या नाहीत. संसारात प्रत्येक ठिकाणी बोलायचं म्हटलं तर घसा पुरत नाही.

यजमानांना मात्र ते 'न चालवणं' फार पटलं होतं. ते एका मोठ्या कार्यालयात भांडारप्रमुख होते. वस्तू आत ठेवायची, दाराला कुलूप लावायचं आणि कुलपाला सील ठोकायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सगळे त्यांना सीलसाहेब म्हणायचे. त्यांच्या भांडारातल्या खुर्च्या वर्षानुवर्षं कोऱ्या करकरीत असत आणि कर्मचारी मोडक्या स्टुलावर बसत. घरीही तीच तऱ्हा. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. लग्नात आलेला कपांचा सेट खोक्यातून बाहेर यायची वाट बघत म्हातारा झाला होता.

इमारतीच्या मागे शटरचा एक गाळा भाड्याने घेऊन तिथे गाडी ठेवली. गाडी जुन्या घडणीची, त्यामुळे किलोमीटरचा आकडा छोट्या खिडकीत फिरत्या चकत्यांवर दिसायचा. सीलसाहेबांनी त्या खिडकीवर कार्यालयातली कागदी पट्टी चिकटवली. 'अधिकृत व्यक्तीशिवाय उघडू नये.' दोन्ही टोकांवर सही केली, मधोमध शिक्का मारला आणि मागे सरून समाधानाने बघितलं.

"झालं. आकडा गोठला," ते म्हणाले. "विकताना गिऱ्हाइकासमोर सील फोडायचं. पुरावाच!"

"अहो, पण आकडा झाकला म्हणून चाकं थोडीच..."

"अगं, सील आहे ते!" सीलसाहेब इतक्या श्रद्धेने म्हणाले की बाईंनी विषय सोडला.

मग गाडीवर जाड कव्हर चढलं. कव्हराला भांडारी गाठी बसल्या. एक किल्ली साहेबांनी जानव्यासारखी सदैव अंगाला ठेवली आणि दुसरी बाईंच्या हातात दिली. "माझं काही बरंवाईट झालं तर असू दे," ते म्हणाले. दर रविवारी पहाटे आपण स्वतः उतरून सीलची पाहणी करणार, असंही त्यांनी जाहीर केलं.

महिनाभराने टायरची हवा बघायला ऑइलमामा आला. कोपऱ्यावरचा हा मेकॅनिक पूर्वी बाईंची व्हॅन बघायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कुणी गेल्यावर करावा तसा चेहरा केला.

"साहेब, ही मरणार."

"म्हणजे?"

"उभी ठेवलीत की हो! आतली रबरं सुकतात, टायर एका जागी बसून चपटे होतात, पेट्रोल कुजतं. आठवड्यातून एकदा फिरवायला हवी. नुसती घुरघुरवून भागत नाही."

"चालवायची नाही!" सीलसाहेब कडाडले. "रीसेल जाते!"

"मेल्यावर काय रीसेल?" मामा पुटपुटला आणि हात पुसत निघून गेला.

साहेब त्या दिवशी नीट जेवले नाहीत, पण निर्णयही बदलला नाही. बाई मात्र हादरल्या. गाडी मेली तर तळमजला मेला. मग उरला काय, हा जिना आणि हे गुडघे. दर गुरुवारी भांडारात मालमोजणी असे, म्हणून साहेब उशिरा यायचे. पुढच्याच गुरुवारी बाई कठडा धरून चार मजले उतरल्या, गाठी सोडल्या, कव्हर दुमडलं आणि आत बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. सीट इतकी खाली होती की विहिरीत उतरल्यासारखं वाटलं.

पण किल्ली फिरवली आणि मागे जो काही आवाज उठला, त्याने बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. गल्ली संपेपर्यंत त्या जीव मुठीत धरून गेल्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पाय आपोआप दाबला गेला. वर्षानुवर्षं त्यांनी मागे वीस पोरांचा कलकलाट, ओकाऱ्या आणि हरवलेले डबे घेऊन गाडी चालवली होती. आज मागे कुणी नव्हतं. मागे सीटच नव्हती! बाई खूप खूप वर्षांनी, कारण नसताना, मोठ्याने हसल्या.

उतरताना मात्र पंचाईत झाली. आधी पिशवी बाहेर टाकायची, मग उजवा पाय, मग देवाचं नाव, आणि मग उरलेलं सगळं एकदम. ते उरलेलं सगळं बाहेर येत असताना तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"मी काही बघितलं नाही हं!" तिथल्या आजी म्हणाल्या. "पण मला डोळे तपासायला जायचंय."

तेव्हापासून गुरुवारी शेजारच्या सीटवर आजी असायच्या. डोळे झाले, दात झाले, मग नुसतंच वजन करायला दवाखान्यात जायचं ठरलं. एकदा गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं तेव्हा आजींनी जपमाळ काढली आणि बाईंनी ऑइलमामाला गाठलं. मामाने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. खाली रंग मारला आणि "मी कुणाला बोलत नाही" असं शपथेवर सांगितलं. साहेब नेमके तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते, म्हणून निभावलं.

"मामा, आणखी एक," बाई म्हणाल्या. "ही सीट दर गुरुवारी मागे सरकलेली असते. माझे पाय पोचत नाहीत. पेट्रोलही मी ठेवते एक आणि काटा दाखवतो दुसरंच."

ऑइलमामाला खोकला आला. बराच वेळ आला. "जुन्या गाडीची सीट सरकतेच बाई," तो म्हणाला. "स्वभाव असतो एकेकीचा."

असे बरेच महिने गेले. बाई गाठी सोडत होत्या, बांधत होत्या आणि दर वेळी स्वतःला बजावत होत्या की हे सगळं तळमजल्यासाठी. सीलच्या पट्टीकडे त्या बघतच नसत. पट्टी शाबूत होती, सह्या शाबूत होत्या, आणि खाली चकत्या किती फिरल्या असतील ते देव जाणे.

एके दिवशी इस्त्रीवाला कपडे देताना म्हणाला, "बाई, रविवारी सकाळी तुमची लाल गाडी तळ्याकाठी बघितली. काय भन्नाट गेली!"

"रविवारी? छे हो! आमची गाळ्यात असते. दुसऱ्या कुणाची असेल," बाई म्हणाल्या आणि मनोमन खूश झाल्या. गावात खरंच दुसरी असेल तर बरंच आहे, कधी कुणी गुरुवारी बघितलं तर तिच्यावर ढकलता येईल.

आणि त्याच संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या सीलसाहेब म्हणाले, "आमच्या ऑफिसात एकजण सांगत होता. गुरुवारी दवाखान्यासमोर आपल्यासारखीच लाल गाडी उभी होती म्हणे. आत दोन म्हाताऱ्या होत्या."

'म्हाताऱ्या' हा शब्द बाईंना लागला, पण तो गिळावा लागला. "दुसरी असेल," त्या घाईघाईने म्हणाल्या. "इस्त्रीवाल्यालाही दिसली रविवारी, तळ्याकाठी."

सीलसाहेबांना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "दुसरीच! शंभर टक्के दुसरी! पाचशे काढल्यात, एखादी येणारच की गावात!"

दोघंही त्या रात्री कधी नव्हे इतक्या एकमताने जेवली.

पण ही बातमी साडूंच्या कानावर गेली आणि ते डोक्याला हात लावून आले. "दुसरी आहे? गावात? मेलो आपण! दुर्मीळ म्हणून तर भाव. एका गावात दोन निघाल्या तर गिऱ्हाईक एकीवरून दुसरीचा भाव पाडणार!" त्यांनी लगेच चार गॅरेजांमध्ये, दोन पेट्रोल पंपांवर चौकशी लावली की लाल गाडीचा दुसरा मालक कोण. चौकशीला पाय फुटले. जो तो म्हणू लागला की हो, आहे दुसरी, आम्हीपण बघितली. कुणी सांगे मालक परदेशात असतो, कुणी सांगे बाई आहे. बाईंनी हे ऐकलं आणि त्या आठवड्यात वजन करायला जाणं रद्द केलं. आजी रुसल्या.

इकडे तळमजल्याच्या मालकांचा निरोप आला. वर्ष संपत आलं, या आठवड्यात काय ते सांगा, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे.

साडूंनी धावपळ करून एक डॉक्टर आणले. जुन्या, मोजक्या निघालेल्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद होता आणि तो परवडण्याइतकं दवाखान्यात गिऱ्हाईकही होतं. गाळ्याचं शटर वर गेलं. सीलसाहेबांनी गाठी सोडल्या, कव्हर काढलं आणि दार उघडून पट्टीकडे बोट दाखवलं. दाखवताना त्यांनी सदऱ्याची कॉलर दोनदा सारखी केली. अभिमानाने असेल, असं बाईंना वाटलं. त्या स्वतः तर शटरच्या कडेला सरकल्या. आता सील फुटणार, आकडा दिसणार आणि तळमजला, नवरा, अब्रू, सगळं एकदम जाणार. ऑइलमामा तपासणीच्या नावाखाली जो गाडीखाली शिरला, तो बाहेर यायला तयार नव्हता.

डॉक्टरांनी पट्टीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"छान ठेवली आहे," ते म्हणाले. "पण मी हिच्यासाठी आलोच नाही. तुम्ही त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाला शोधताय ना? सापडला का?"

"दुसरी कशाला डॉक्टर?" साडू कळवळले. "ही बघा ना! सील आहे! वर्षभर एक इंचसुद्धा हललेली नाही!"

"म्हणूनच नको," डॉक्टर म्हणाले. "अशीच सीलबंद ठेवलेली एक घेऊन पस्तावलोय मी. बाहेरून नवरी आणि आतून प्रेत! दुरुस्तीत कंबर मोडली माझी. पण ती दुसरी! गुरुवारी माझ्या दवाखान्यासमोर थांबायची. वरच्या खिडकीतून तिचा आवाज ऐकायचो मी. पेशंटच्या छातीला नळी लावलेली असायची आणि कान खाली! काय ठेवलीय हो कुणी! ती मिळाली तर मी घासाघीस करणार नाही. हिचं मात्र जमणार नाही, माफ करा."

आणि डॉक्टर खरंच वळले. बाईंना एका क्षणात सगळे जिने दिसले. चौथा मजला, तिसरा, दुसरा, पुन्हा चौथा, मरेपर्यंत. उजवा गुडघा ठणकला. आता कसलं झाकायचं आणि कसलं लपवायचं!

"डॉक्टर, थांबा," त्या म्हणाल्या. "दुसरी गाडी नाहीच. ती गुरुवारची गाडी हीच आहे. मीच आणायची."

साडूंनी भिंतीचा आधार घेतला. "ताई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. नवऱ्याचा आवाज आता गाळा फोडणार, याची त्यांना खात्री होती. पण आवाज काही आला नाही.

"अरे वा!" डॉक्टर माघारी फिरले. "आणि रविवारी पहाटे तळ्याकाठी दिसते म्हणतात, तेही तुम्हीच?"

"रविवारी?" बाईंनी मान वर केली. "नाही बुवा. रविवारी मी कधीच..."

बोलता बोलता त्या थांबल्या. सीलसाहेब कव्हराची सुटलेली दोरी डोळ्यांजवळ धरून तिचा एकेक पीळ तपासत होते. त्यांचे कान गाडीइतके लाल झाले होते.

"अहो?"

"तपासणी," सीलसाहेब दोरीला म्हणाले.

"कसली?"

"सील हलतंय का, याची. आता गाडी हलल्याशिवाय सील हलतंय का नाही, कसं कळणार माणसाला?"

मग साहेबांनी दोरी खाली टाकली. "मामा म्हणाला मरेल, म्हणून एकदाच काढली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझा तळमजला जाऊ नये म्हणून. मग पुढच्या रविवारीही काढली. अगं, जन्मभर नुसती कुलपं लावली मी. आत काय आहे ते वापरलं दुसऱ्यांनी, नाहीतर वाळवीने. या एकाच वस्तूत मी स्वतः जाऊन बसलो. फार बरं वाटायचं."

बाईंना राग यायला हवा होता. तो शोधायला त्या आत गेल्या तर तिथे नुसतं हसू सापडलं. "म्हणजे सीट मागे सारणारे तुम्ही!"

"आणि पुढे घेणारी तू? मी मामाला विचारलं तर म्हणाला, स्वभाव असतो एकेकीचा!"

डॉक्टरांनी स्वतःच पट्टीचं टोक नखाने उचललं आणि सर्रकन ओढली. सगळे वाकले. आकडा भलताच फुगला होता. सीलसाहेबांमधला भांडारप्रमुख तिथल्या तिथे जागा झाला. त्यांनी आपले रविवार मांडले, बाईंचे गुरुवार मांडले, बेरीज केली, पुन्हा केली.

"जमत नाही," ते म्हणाले. "साठा जास्त निघतोय. हे वरचे कुणाचे?"

गाडीखालून खोकल्याचा आवाज आला.

"रंग वाळायला वारा लागतो, साहेब," ऑइलमामा खालूनच म्हणाला. "दोन दिवस लागतो."

डॉक्टर गाडी घेऊन एक चक्कर मारून आले आणि तोंडभर हसत उतरले. उतरले म्हणजे साडूंनी ओढून काढलं. किलोमीटरपायी थोडी किंमत त्यांनी कापली, चालती आहे म्हणून थोडी वाढवली, आणि तळमजल्याचं घर येईल एवढा आकडा बसला. साडू लगेच सावरले. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," ते सगळ्यांना सांगू लागले, "गाडी चालवायला हवी!" त्यांच्याशी वाद घालण्याचं त्राण तिथे कुणात उरलं नव्हतं.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती. सगळे गेल्यावर दोघं गाळ्याच्या दारात उभी राहिली. जिना चढायचा होता आणि कुणीच पाऊल उचलत नव्हतं.

"तळ्याकाठी असतं तरी काय एवढं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. सरळ रस्ता आहे. आणि पाणी."

"एकदा मला न्यावं, असं नाही वाटलं?"

"वाटायचं की, दर रविवारी! शेजारची सीट रिकामी बघून वाटायचं. पण तुला कळलं असतं ना."

बाईंनी पदराची किल्ली काढली. "चला, बसा. मी चालवते."

सीलसाहेब बसले आणि सवयीने त्यांचा हात खिशात गेला. खिशात कोरी पट्टी होती. त्यांनी उघड्या आकड्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. "लावू का?"

"राहू द्या हो. फिरताना दिसू दे जरा," बाई म्हणाल्या आणि गाडी काढली.

तळ्याचा रस्ता खरंच सरळ होता. एकदा एका चकतीवर नऊचं शून्य झालं तेव्हा सीलसाहेबांनी "गेले!" असं म्हटलं, आणि ते दुःखाने म्हणाले की आनंदाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. परत येऊन बाईंनी गाडी गाळ्यात लावली, इंजिन बंद केलं, पिशवी बाहेर टाकली, उजवा पाय काढला, देवाचं नाव घेतलं. उरलेलं काही हललं नाही. गुडघ्यांनी आज साफ नकार दिला होता.

"अहो, जरा उतरून मला हात द्या."

सीलसाहेबांनी दोनदा जोर लावला आणि परत सीटमध्ये पडले. "मला रविवारी मामा येऊन काढायचा," त्यांनी कबूल केलं.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दिवा लागला होता. आजींना हाक मारली असती तर अख्खी इमारत खाली आली असती. बाईंनी काढलेला पाय पुन्हा आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

"बसू थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "तसाही वर चौथा मजलाच आहे."